हिंगाची हजेरी

कुणाच्या खिशात तंबाखूची डबी असते, कुणाच्या खिशात देवाचा फोटो. आमच्या प्रल्हाद गायकवाड सरांच्या शर्टाच्या खिशात हिंगाची डबी असायची. स्टीलची, चपटी, घट्ट झाकणाची. सर अजून जिन्यात असले तरी आम्हाला वर कळायचं. "यांचे शर्ट धुवायला काढले की घरात फोडणी दिल्यासारखं वाटतं," असं त्यांच्या पत्नी विमलताई म्हणायच्या. दहा-बारा वर्षं त्यांनी हा वास कपाटात सांभाळला. तक्रार रोज केली आणि डबी संपली की भरूनही त्यांनीच दिली.

आमची कंपनी पाइपनं घरोघरी गॅस पुरवणारी. ऑफिस नाशिक रस्त्याला, भोसरीच्या पुढं. पिंपळे सौदागर, रहाटणीच्या सोसायट्यांपासून चाकणच्या आसपासच्या गावांपर्यंत कुठंही गॅसचा वास आला की फोन माझ्या टेबलावर वाजायचा, आणि गळती शोधायला सरांचं पथक निघायचं. सर पथकाचे प्रमुख. घरच्या फोनवर ते "जय भीम" म्हणून सुरुवात करत आणि ऑफिसच्या फोनवर "बोला, वास कुठं येतोय?" म्हणून. कधी कधी उलटापालट होई. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी पहिल्याच वाक्याला वास विचारला होता, आणि मेव्हणाही खरोखर घरभर हुंगून आला होता.

डबीचं काम सकाळी असे. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पथक अंगणात ओळीनं उभं राहायचं. पहिला वास सर घेत. "आला," म्हणत आणि डबी पुढं देत. मग एकेकानं हुंगायचं आणि बोलायचं. "आला" म्हटलं तर फिल्डवर जायचं. "नाही आला" म्हटलं तर त्या दिवशी टेबलावर, म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून फोन घ्यायचे. सर्दी झालेल्या माणसानं गळतीवर जायचं नाही, हा त्यांचा कायदा होता आणि त्याला अपील नव्हतं. गॅस मोजायचं यंत्र पथकाकडे होतंच. पण सर म्हणायचे, "यंत्र जिथं धरतो तिथलं सांगतं. नाक दारातच सांगतं, आत यायचं की नाही ते."

टेबलावर बसणं पोरांना नको असे. थंडीच्या दिवसांत बाळू थिगळे घरून तीन-तीनदा वाफ घेऊन यायचा. बाळू राजगुरुनगरकडचा, दांडगा गडी, पण नाक पोराटकीचं, सदा वाहतं. "सर, येवढा येतोय की वास, डोळ्यातून पानी आलंय बगा," असं तो म्हणायचा आणि सर शांतपणे म्हणायचे, "ते पाणी सर्दीचं आहे. टेबल." अत्तर, गुटखा, वासाचं तेल या तिन्ही गोष्टी पथकाला बंद होत्या. बाळूच्या लग्नात हळदीच्या दिवशी कुणीतरी त्याला सेंट फासला, तर हा बहाद्दर मांडवातून मला फोन करून विचारतो, "ताई, परवापर्यंत जाईल का हा?"

नवीन भरती झाली की तिला 'तेल आणि वायू उद्योगाची ओळख' नावाचा एक वर्ग असायचा. तोही सर घेत. मुख्य ऑफिसनं त्यासाठी चित्रं पाठवली होती. पहिल्या चित्रात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र आणि त्यात मेलेले बारीक जीव. सर ते चित्र लावायचे आणि लगेच बंद करायचे. "हे मी पाहिलेलं नाही. शेगडी पाहिलीय. तिथून सुरू करू." मग सगळा वर्ग उठवून कँटीनमध्ये नेत. कँटीनच्या मावशींना बाजूला उभं करून शेगडी पेटवत. "हा जाळ. आता याच्या मागं मागं चला."

आणि खरंच चालवत. शेगडीपासून नळी, नळीपासून मीटर, मीटरपासून भिंतीवरून उतरणारा पाइप, तिथून फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेची पिवळी खूण. नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या आवाजात उभे राहून ते ओरडून शिकवत. इथून गॅस मोठ्या स्टेशनात जातो, नाही, येतो, पण आपण उलटे चाललोय. त्या स्टेशनात त्याच्यात वास घालतात. मूळच्या गॅसला वासही नाही आणि रंगही नाही, खोलीत भरला तरी कळायचा नाही. तिथून शेकडो मैल जाड पाइप, शेताखालून, नदीखालून, ज्याच्यावर झाड लावायचं नाही आणि घर बांधायचं नाही. मग किनारा. तिथं मुंबईच्या पुढच्या समुद्रातल्या विहिरींचा गॅस येतो, आणि परदेशातून थंड करकरीत, पातळ करून जहाजात भरलेलाही येतो. खनिज तेल तर आपण बहुतेक बाहेरूनच आणतो, ते शुद्ध करतात तेव्हा पेट्रोल, डिझेल आणि सिलिंडरमधला गॅस निघतो. तो सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो. आपला पाइपचा हलका, वर जातो. "म्हणून गिऱ्हाइकाला पहिलं विचारायचं, वास वर येतोय की खाली? निम्मं उत्तर तिथंच मिळतं."

आता उलटं चालता चालता समुद्र आला, की सर पश्चिमेकडे हात करून थांबत. पोरंही तिकडे बघत. तिकडे एक गोदाम आणि चहाची टपरी असे. "यात कुठं एका जागी जरी कुणी 'असेल असेल' म्हणून सोडून दिलं, तर शेवट कँटीनच्या मावशींवर येतो," एवढं म्हणून ते वर्ग संपवत. चित्रं तशीच राहत. मुख्य ऑफिसला आम्ही कधी कळवलं नाही.

सरांचं नाक कसं होतं, ते सांगायला पिंपळे सौदागरची एक सोसायटी सांगते. तिथल्या एका इमारतीत दोन दिवस घाण वास येत होता. सेक्रेटरी हुशार माणूस, आयटीतला. त्यानं ठरवलं, ड्रेनेज. त्यानं जिन्यांत, लिफ्टपाशी, सगळीकडे फिनेल ओतून घेतलं. वास गेला. सेक्रेटरी खूश झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना मात्र चैन पडेना, त्यांनी आम्हाला फोन केला. मी तेव्हा कसल्याशा सर्वेक्षणासाठी पथकाबरोबर होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

सर आत शिरले आणि फाटकातच थांबले. फिनेलचा भपकारा असा, की माझंच डोकं धरलं. सेक्रेटरी म्हणाला, "सर, प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय. उगाच आलात."

"साहेब, तुम्ही वास मारलात," सर म्हणाले. "गॅस कुठं मारलात?"

त्यांनी इमारतीचा गॅस बंद करायला लावला, सगळ्यांना खाली उतरवलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि फिनेल उडून जायची वाट बघत कट्ट्यावर बसले. लोक चिडले होते. कुणाचा भात अर्धवट होता, कुणाची मीटिंग होती. सर कट्ट्यावरून हलले नाहीत. बऱ्याच वेळानं उठले आणि जिना चढायला लागले. प्रत्येक मजल्यावर मान वर करून उभे राहायचे, पुढं जायचे. चौथ्या मजल्यावर एका बंद दारापाशी थांबले. "इथं." यंत्र नंतर लावलं, त्यानंही तेच सांगितलं. नव्या किचनची फळी ठोकताना सुतारानं पाइपला स्क्रू चाटवला होता. घरचे लोक गावाला गेलेले. सेक्रेटरीनं मग सरांना चहा विचारला. सर म्हणाले, "आधी फिनेलच्या बाटल्या कपाटात टाका."

असं हे नाक. आणि तेच गेलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सरांना ताप आला. बरे झाले. ऑफिसात बऱ्याच जणांचा वास गेला होता आणि परत आला होता, त्यामुळे आम्ही विचारलं तेव्हा सर "आला, आला" म्हणाले आणि कुणी पुढं विचारलं नाही. खरं काय ते विमलताईंना पहिल्यांदा कळलं. दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, आणि सर स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसले होते. विमलताईंनी मला हे पुढं सांगितलं. तेव्हा मात्र त्या गप्प बसल्या, कारण सरांनी हात जोडले होते. "निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलीत. टेबलावर बसवतील गं मला."

सरांना टेबल कधीच सहन होत नसे. रजेच्या दिवशीही ते पथकाच्या जीपमागं आपली स्कूटर घेऊन जायचे. कायदा त्यांचाच होता आणि तो आता त्यांच्या मुळावर आला होता. रोज सकाळी डबी उघडायची, नाकाशी धरायची आणि "आला" म्हणायचं. डबीत हिंग आहे हे माहीतच होतं, त्यामुळे खोटं पकडणार कोण? काही महिने असेच गेले. फिल्डवर सर आता यंत्र जास्त वापरायला लागले होते आणि उज्ज्वलाला पुढं पाठवायला लागले होते.

उज्ज्वला कड चाकणजवळच्या गावची. घरी कांद्याचं वावर, भाऊ कंपनीत, आणि ही आयटीआय करून गॅसच्या पथकात आलेली. घरच्यांना वाटलं, ऑफिसात खुर्ची मिळेल. तिला पाना मिळाला आणि ती त्यात खूश होती. बोलायची कमी. सर वर्गात काही विचारायचे तेव्हा हात वर करायची नाही, पण सगळ्यांचं चुकलं की हळूच बरोबर सांगायची.

त्या दिवशी विमलताई लेकीकडे गेल्या होत्या. सरांनी डबी स्वतः भरली. मांडणीवर दोन बरण्या शेजारी शेजारी. रंग साधारण सारखा. वासानं जे कुणालाही कळलं असतं, ते सरांना कळलं नाही. डबीत हिंगाऐवजी सुंठ आली.

मी खिडकीत चहा घेऊन उभी होते. पथक ओळीत. सरांनी डबी उघडली, नाकाशी धरली. "आला," म्हणाले आणि बाळूच्या हातात दिली.

बाळूनं हुंगलं. त्यानं डबीकडे बघितलं, मग सरांकडे. मग परत हुंगलं. मला वाटलं, परत सर्दी. बाळू खाली बघत म्हणाला, "आला."

त्याच्या पुढच्या दोघांनीही तसंच केलं. एकानं बाळूकडे बघितलं, बाळूनं मान हलवली. "आला, सर." "आला." इतक्या हळू ते कधी बोलत नसत. शेवटी डबी उज्ज्वलाकडे आली. तिनं हुंगलं आणि डबी हातातच ठेवली. बाळू तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होता.

"सर," ती म्हणाली, "ही सुंठ हाय."

सरांनी डबी परत घेतली. बोटानं चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. तिखट लागली असणार. त्यांनी झाकण लावलं.

मला वाटलं, आता तिच्यावर ओरडतील. ते बाळूकडे वळले. "आला म्हणालास. काय आला?"

"सर, आमाला वाटलं..." बाळू म्हणाला. "तुमी घरी बसाल, सर. कसं वाटंल ते."

"फिनेल ओतलंत तुम्ही माझ्यावर," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझं नाक गेलं तर एक माणूस कमी झाला. तुम्ही तिघांनी माझी दया करून आपलीपण नाकं काढून ठेवली. मग गळतीवर जाणार कोण, माझी अब्रू?" मग म्हणाले, "आणि मी तर कित्येक महिने रोज सकाळी ओततोय. मी कुणाला काय सांगतोय."

त्यांनी डबी उज्ज्वलाच्या हातात ठेवली. "उद्या हिंग भरून आण. पहिला वास तू घ्यायचा." आणि जिना चढून वर आले, माझ्या शेजारची खुर्ची ओढली, बसले. माझ्या हातात चहा तसाच होता. मी तो कप त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "आलं घातलंय का ताई? मला काही कळत नाही बघा." तेव्हा मला रडू आलं. मी फाइल शोधायला म्हणून कपाटाकडे गेले.

वरच्या साहेबांनी त्यांना बोलावून समजावलं. थोडेच दिवस राहिलेत, यंत्र आहे, पथक आहे, कागदावर काही आणायची गरज नाही. साहेबांचा हेतू चांगला होता. सर म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे पण फिनेल आहे का?" साहेबांना काही कळलं नाही, पण बदलीचा कागद निघाला. प्रमुख म्हणून उज्ज्वलाचं नाव लागायला अजून वेळ होता. डबी मात्र तिच्याचकडे राहिली.

टेबलावर सर सुरुवातीला पिंजऱ्यात कोंडल्यासारखे बसायचे. जीप निघाली की खिडकीत जाऊन उभे राहायचे. पण फोनवर त्यांची जी गंमत होती ती आम्हाला तेव्हाच कळली. फोन करणाऱ्याचं नाक ते उसनं घ्यायचे. वास वर येतोय की खाली? आत जास्त की बाहेर? दिव्याचं बटण दाबू नका. खिडकी उघडा. आता परत सांगा.

चाकणकडच्या एका गावातल्या आजींचा फोन तर मी जन्मभर विसरणार नाही. घरात नुकताच पाइपचा गॅस आलेला. सून कामावर गेलेली, आजी एकट्या.

"आवो सायेब, वास येतोय लई. गॅसचा हाय का कशाचा, मला न्हाई कळत."

सरांनी त्यांना आधी घराबाहेर अंगणात काढलं आणि मीटरजवळची चावी बंद करायला लावली. उज्ज्वलाला इशारा केला, जीप निघाली. पण आजींचा जीव आत. "भाजी हाय ओ चुलीव, कच्ची ऱ्हाईल. मी आत्ता जाऊन बगते."

"आजी, भाजी जाऊ द्या. तुम्ही तिथंच थांबा. तुम्हाला एक सांगतो. हा गॅस तुमच्याकडे कुठून येतो, माहितीय?"

"मला काय म्हाइत. रस्त्यातनं आला."

मग सरांनी तो अख्खा वर्ग आजींना फोनवर घेतला. शेगडीपासून मागं मागं. मीटर, रस्ता, स्टेशन, नद्यांखालचा पाइप, समुद्र. आजी मध्ये मध्ये "आगं बाई" म्हणत होत्या. आत जायचा विषय निघाला, की सर घाईनं एक जहाज आणत. जहाजात थंडगार गॅस असतो म्हटल्यावर आजी म्हणाल्या, "बर्फावानी? आन मंग माझ्या चुलीत पेटतो कसा?" सरांनी तेही सांगितलं. परदेशाचं नाव निघालं तेव्हा आजींना वाईट वाटलं. "येवढ्या लांबून आला, आन मी त्याच्यावर नुस्तं पानी तापवते."

एवढ्यात फोनवर जीपचा आवाज आला. उज्ज्वला घरात शिरली, बाहेर आली आणि आजींच्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "सर, हिंग हाय. भाजीत सांडलाय निस्ता." आम्ही सगळे हसलो. सरही हसले, पण म्हणाले, "तरी पाइप पूर्ण तपासून ये." मग बराच वेळ ते स्वतःशीच मान हलवत होते. "ओळख करून द्यावी तर अशा विद्यार्थ्याला," म्हणाले.

एक गोष्ट मात्र त्यांनी चालूच ठेवली. रोज सकाळी ते अंगणात जात आणि ओळीच्या शेवटी उभे राहत. उज्ज्वला पहिला वास घ्यायची, डबी फिरत फिरत सरांपर्यंत जायची. सर हुंगायचे आणि म्हणायचे, "नाही आला." उज्ज्वला म्हणायची, "टेबल." पहिल्या दिवशी तिला ते म्हणवेना. सरांनी ते तिच्याकडून म्हणवून घेतलं.

त्यांचा निवृत्तीचा दिवस आला. पथकानं गुपचूप ठरवलं होतं, आज सरांना जीपमध्ये पुढं बसवून शेवटची फेरी मारायची. साहेबांनीही होकार दिला होता. बाळूनं निशिगंधाचा भलामोठा हार आणला आणि सकाळीच त्यांच्या गळ्यात घातला. विमलताईही आल्या होत्या. सर हारासकट ओळीत उभे राहिले.

डबी आली. त्यांनी डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ ती नाकाशी धरली. विमलताईंनी माझा हात दाबला. मला वेडी आशा वाटली, खोटं कशाला सांगू. सगळ्यांनाच वाटली असणार, कारण बाळू तोंड उघडं टाकून बघत होता.

"नाही आला," सर म्हणाले.

"सर, आज राहू द्या," बाळू म्हणाला. "आज फेरी आपली. पुढची शीट तुमची."

सरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते उज्ज्वलाकडे बघत होते. तिचे डोळे भरले होते. तिनं डबीचं झाकण लावलं, ती खिशात ठेवली आणि ताठ उभी राहिली.

"टेबल, सर," ती म्हणाली.

त्या सगळ्या दिवसात सर इतके खूश एकदाच दिसले, तेव्हा. जीप फाटकाबाहेर गेली. सर जिना चढून वर आले, हार काढायचं विसरले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. सगळी खोली निशिगंधाच्या वासानं भरली होती. फोन वाजला. मी हात पुढं केला होता, तो मागं घेतला.

"बोला," सर म्हणाले. "वास कुठं येतोय?"